न वाळवलेली माती

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका बाईंचं मी देणं लागते. त्या माझ्या शिक्षिका नव्हत्या. त्यांच्या हाताखाली मी कधी नाव नोंदवलं नाही, त्यांनी माझा एकही पेपर तपासला नाही. मृदा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि मी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते, एवढंच आमचं नातं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी त्यांचं नाव लिहिलं तेव्हा त्यांनी ते पेनानं खोडलं. "तुझ्याकडून दर महिन्याला भाडं घेतलंय मी. वर आणखी आभार कशाला?" म्हणाल्या. त्यांची इच्छा मोडायची नाही म्हणून इथेही त्यांना नुसतं 'बाई'च म्हणते.

मी वर्धा जिल्ह्यातली. घरची शेती कोरडवाहू. सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, एका तुकड्यात पऱ्हाटी. घरात शेती होती, पण मातीकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. माती म्हणजे ज्यात पीक उभं राहतं ती जागा, एवढीच माझी समज. सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेही प्रयोगशाळेच्या आकर्षणानं. पांढरा कोट, काचेच्या बशा, सूक्ष्मदर्शक. शेतापासून दूर जाण्याची ती एक सोयीची वाट होती.

मी नागपुरात आले तेव्हा आमच्या विषयात चांदीची हवा होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अब्सार अहमद, मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून चांदीचे नॅनोकण तयार करून दाखवले होते. तो शोधनिबंध 2003चा. आमच्या शेजारी अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटानं याच वाटेवर मोठं काम उभं केलं, आणि चांदीचे नॅनोकण हे नव्या पिढीचे जंतुनाशक कसे, हे मांडणारा त्यांचा 2009चा लेख जगभर वाचला गेला. विदर्भातल्या विद्यार्थ्याला ते सगळं आपल्या अंगणात घडल्यासारखं वाटे.

पद्धतही हातात येण्याजोगी होती. बुरशी वाढवायची, ती गाळायची, त्या गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण मिसळायचं. काही तासांत फिकं पाणी तपकिरी होतं. त्या रंगावरूनच कळतं की चांदीचे आयन एकत्र येऊन कण झाले. नॅनोकण म्हणजे 1 ते 100 नॅनोमीटर आकाराचा कण, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, तसंच इथे होतं. धातू तोच, वजन तेवढंच, पण उघडा पडलेला पृष्ठभाग कितीतरी पटीनं जास्त, म्हणून त्याचं वागणं वेगळं.

फ्युजेरियम हे नाव मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबांना काही बोध झाला नाही. याच कुळातल्या बुरशांनी आमची तूर आणि हरभरा 'मर' लागून वाळत असे, हे मलाही तेव्हा जोडता आलं नव्हतं. पुस्तकातलं नाव आणि बांधावरचा रोग यांची गाठ मला पुढे बाईंनी घालून दिली.

एका संध्याकाळी मी माझ्या बशांचे फोटो घेऊन त्यांच्या पुढच्या खोलीत गेले. जिवाणूंच्या दाट थरात, चांदीचं द्रावण ठेवलेल्या खळग्याभोवती स्वच्छ गोल पडला होता. जेवढा गोल मोठा तेवढं माझं काम चांगलं, असा माझा हिशेब. बाईंनी चष्मा लावून फोटो पाहिले.

"यात कोण मेलंय?"

"ई. कोलाय."

"तू तर म्हणत होतीस, हे पिकांसाठी आहे. मातीत जे राहतात त्यांचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जंतू म्हटलं की मारायचे, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हवेतला नत्र पकडणारे, न विरघळणारा स्फुरद मोकळा करणारे, अमोनियाचं नायट्रेट करणारे, काडीकचरा कुजवणारे, हे सगळे माझ्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत होते, माझ्या प्रयोगात नव्हते. ज्या चांदीनं ई. कोलाय मरतो, ती चांदी रायझोबियमला ओळखून बाजूला ठेवणार नाही, ही साधी गोष्ट कळायला मला कोणीतरी विचारावं लागलं.

त्यानंतर मी बियाण्यांकडे वळले. ओल्या गाळणकागदावर मूग ठेवायचे, निरनिराळ्या मात्रेची झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांची द्रावणं घालायची, मोड मोजायचे. कमी मात्रेत मूळ लांब झालं की मला आनंद होई. बाईंनी तो आनंद मोडला नाही. त्यांनी फक्त विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायला सांगितलं. ते रामदासपेठेतच, पायी जाण्याच्या अंतरावर. तिथे बसून मी वाचायला शिकले, म्हणजे निष्कर्षाचं पान सोडून आधी पद्धतीचं पान वाचायला शिकले. लिन आणि शिंग यांचा 2007चा निबंध तेव्हा वाचला. मुळा, मोहरीवर्गातलं रेप, रायगवत, लेट्यूस, मका आणि काकडी या सहा पिकांवर त्यांनी नॅनोकण तपासले होते, आणि झिंक ऑक्साइडनं मुळांची वाढ रोखली होती. मुळ्याच्या मुळाची वाढ निम्म्यावर यायला लिटरला सुमारे 50 मिलिग्रॅम पुरले होते. पुढे 2012 साली तिरुपतीकडच्या संशोधकांचं भुईमुगावरचं काम आलं. त्यात दहा लाख भागांत 1000 भाग या मात्रेला रोपं जोमदार झाली आणि 2000 भागांना तीच रोपं मागे पडली. म्हणजे औषध आणि विष यांच्यात फक्त दुपटीचं अंतर.

हे दोन्ही निबंध मी बाईंपुढे ठेवले. त्यांनी विचारलं, "मुळं कशात वाढवली होती पहिल्यांनी?" मी म्हटलं, द्रावणात. "मग आपल्या काळ्या जमिनीबद्दल त्यातून किती कळेल?"

इथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. आमच्या भारी जमिनीत चिकणमातीचं प्रमाण मोठं, सामू आठाच्या आसपास, आणि खाली चुनखडी. सामू एका अंकानं वाढला की जस्ताची विद्राव्यता साधारण शंभर पटीनं घटते. आम्लधर्मी मातीत झिंक ऑक्साइडचा कण भराभर विरघळतो आणि त्याचा 'नॅनो'पणा फार काळ उरतच नाही. आमच्या चुनखडीच्या मातीत तो हळू विरघळतो, आणि विरघळलेलं जस्तही चिकणमाती आणि चुना धरून ठेवतात. चांदीचं आणखी निराळं. तिला गंधक भेटला की तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं आणि तिचा जहालपणा बराच ओसरतो. सांडपाण्याच्या गाळात असे सल्फाइडचे कण 2010 मध्ये दाखवले गेले. थोडक्यात, बाटलीतून जो कण मातीत जातो तोच कण मुळाला भेटतो असं नाही. वाटेत माती त्याला बदलते.

हे कळल्यावर मी उत्साहानं गावाहून माती आणली. नमुना कसा घ्यायचा ते मला येत होतं. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा, त्याच्या कडेची माती, चतुर्थांश पद्धतीनं कमी करत आणलेली. मग माती परीक्षणाच्या पत्रकात असतं तसं ती सावलीत वाळवली, कुटली, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळली आणि बाईंना दाखवायला घेऊन आले. बाईंनी ती चिमटीत घेऊन पाहिली.

"स्फुरद, पालाश, जस्त काढायला उत्तम आहे. पण तुला जे मोजायचं होतं ते तू वाळवलंस की गं."

सूक्ष्मजीवांच्या कामासाठी माती शेतातल्या ओलाव्यासह आणायची, पिशवी बंद करून थंड ठेवायची, आणि शक्य तितक्या लवकर तपासायची, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. रागावल्या नाहीत. पुढच्या खेपेला आणलेली पिशवी मात्र त्यांनी स्वतःच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवून घेतली. माझ्या खोलीत फ्रिज नव्हता.

डिहायड्रोजिनेजची चाचणी मी वर्गात पाठ केली होती, पण समजली ती बाईंच्या जेवणाच्या टेबलावर, कागदावर. ओल्या मातीत थोडं कॅल्शियम कार्बोनेट आणि रंगहीन टेट्राझोलियमचं द्रावण घालून 37 अंशांवर दिवसभर ठेवायचं. मातीतले जीव श्वसन करत असतील तर ते त्या द्रावणाला लाल करतात. लाल जितका गडद, तितकी माती जागी. धातूची मात्रा वाढवत नेली की नळ्यांमधला लाल रंग फिका होत जातो. मी पहिल्यांदा असा फिका रंग पाहिला आणि 'जिवाणू मेले' असं वहीत लिहून मोकळी झाले.

ती नळी काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतल्या मातीची होती. आमच्या भागात डिंक्या रोगासाठी झाडाच्या खोडाला बोर्डो मलम लावतात. मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये 1885च्या सुमारास मिलार्दे यांनी द्राक्षांसाठी वापरात आणलेलं हे मिश्रण आपल्या संत्रा पट्ट्यातही घरोघरी माहीत आहे. बाईंनी माझी वही वाचली आणि मला एक जुना प्रश्न शोधायला लावला, तांब्याच्या मातीत ही चाचणी चालते का? 1991 मध्ये चंदर आणि ब्रुक्स यांनी नेमकं हेच विचारलं होतं. तांबं त्या लाल रंगाशीच रासायनिक खेळ करतं, त्यामुळे जीव असूनही रंग कमी दिसू शकतो. म्हणून तांबं असेल तिथे श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा मोजायचा, एका चाचणीवर विसंबायचं नाही. जिवाणू मेल्याचं मी लिहिलं होतं. खरं तर मला फक्त रंग फिका झाल्याचं दिसलं होतं. या दोन वाक्यांतला फरक मला त्यांनी दाखवला, आणि पुढच्या सगळ्या कामात तो मला उपयोगी पडला.

त्याच संदर्भात त्या एकदा जे बोलल्या ते माझ्या विषयाचं सार आहे. कीटकनाशक आज ना उद्या मातीत विघटित होतं, धातू होत नाही. तो रूप बदलेल, चिकणमातीला चिकटेल, पिकात थोडा जाईल, पण नाहीसा होणार नाही. युरोपातल्या जुन्या द्राक्षमळ्यांत शंभर वर्षांचं तांबं अजून वरच्या थरात साठून आहे आणि गांडुळांना जड जातं आहे. तेव्हा धातू कितीही बारीक केला तरी जमिनीत घालताना परत काढता येणार नाही असं समजूनच घालावा.

त्यांनी सांगितलेली दुसरी शिस्त तुलनेची. नॅनो झिंक घातलेली कुंडी आणि काहीच न घातलेली कुंडी, एवढ्यावर मी समाधानी असे. बाई म्हणत, तेवढंच जस्त झिंक सल्फेटमधून दिलेली तिसरी कुंडी कुठे आहे? आणि साध्या, जाड झिंक ऑक्साइडची चौथी? जस्ताची भूक असलेल्या मातीत कुठल्याही रूपात जस्त दिलं तरी पीक हिरवं होणार. ते श्रेय 'नॅनो'चं की जस्ताचं, हे चार कुंड्यांशिवाय कळत नाही. त्यांच्या गच्चीवर मी अशा कुंड्या मांडल्या, गावची काळी माती भरून, सोयाबीन लावून. त्या चार कुंड्यांवरून कोणताही निष्कर्ष काढण्याजोगा नव्हता आणि तो मी काढलाही नाही. पण उन्हाळ्यात नळाला पाणी कमी असताना बाई स्वतःच्या तुळशीआधी त्या कुंड्यांना पाणी घालत, हे मी पाहिलं आहे.

त्याच सुमारास, 2012 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या संशोधकांचा सोयाबीनवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी सोयाबीन खऱ्या मातीत, शेंगा भरेपर्यंत वाढवलं होतं. मातीत झिंक ऑक्साइडचे नॅनोकण होते तिथे जस्त पानांत आणि दाण्यांतही पोचलं. सेरियम ऑक्साइडचे होते तिथे वाढ आणि उत्पादन मागे पडलं, आणि मोठ्या मात्रेत मुळांवरच्या गाठींमधलं नत्र स्थिरीकरण जवळजवळ थांबलं. सेरियम हे काही खत नव्हे. डिझेलमधल्या मिश्रकातून, काचेच्या पॉलिशमधून ते वातावरणात येतं. म्हणजे शेतकऱ्यानं काहीही घातलं नाही तरी शेताचा प्रश्न उभा राहू शकतो. पुढच्या वर्षी ड्यूक विद्यापीठाच्या गटानं सांडपाण्याच्या गाळातून अगदी थोडी चांदी, किलोभर मातीला 0.14 मिलिग्रॅम, उघड्यावरच्या टबांत दिली. तेवढ्यानंही नुसत्या गाळाच्या तुलनेत सूक्ष्मजीवांचं वस्तुमान सुमारे एक तृतीयांश कमी भरलं.

सोयाबीनचा निबंध मी बाईंना वाचून दाखवला. त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या शेतात गाठी कशा आहेत?" मला माहीत नव्हतं. शेतकऱ्याची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, सोयाबीनवर प्रबंध लिहिणारी, आणि घरच्या सोयाबीनचं एक रोपही मी कधी मुळासकट उपटून पाहिलं नव्हतं. त्या पावसाळ्यात डवरणीच्या वेळी मी गावी गेले. बाबांबरोबर बांधावर बसून गाठी नखानं फोडल्या. आतून गुलाबी म्हणजे गाठ कामाला लागलेली, हिरवट किंवा तपकिरी म्हणजे थकलेली. बाबांनीही हे कधी पाहिलं नव्हतं. "इतके दिवस आपन वरूनच पायत होतो," ते म्हणाले. शेतापासून दूर जायला निघालेली मी त्या दिवशी एका परक्या बाईंच्या प्रश्नामुळे बाबांच्या शेजारी येऊन बसले होते.

आता मी शिकवते. या काळात जग बदललं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं 2020 मध्ये नॅनो कृषी निविष्ठांचं मूल्यमापन कसं करायचं याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. 2024 मध्ये इफ्कोच्या द्रवरूप नॅनो झिंक आणि नॅनो कॉपरला खत नियंत्रण आदेशाखाली मंजुरी मिळाली. जो विषय माझ्यासाठी बशीतला होता तो आता कृषी केंद्राच्या फळीवर बाटलीत उभा आहे. बाबांचा फोन आला, "का वं, कृषी केंद्रवाला म्हन्ते नॅनो झिंक घेऊन जा. एका पंपाले किती झाकनं लागते?"

मी त्यांना जे सांगितलं त्यात माझं काही नव्हतं. आधी माती तपासा. डीटीपीए पद्धतीनं जस्त किलोला 0.6 मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं तरच जस्ताचा विचार करा. कमी असेल तर हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट ही जुनी शिफारस आहे, तिच्यातून साधारण पाच किलो जस्त जातं. फवारणीतून जाणारी मात्रा खूपच कमी असते, त्यामुळे तिची भीती नको आणि तिच्याकडून चमत्काराची अपेक्षाही नको. शेताच्या कडेचा थोडा पट्टा न फवारता सोडा, म्हणजे फरक पडला का ते तुमचं तुम्हाला दिसेल. आणि रायझोबियमचं कल्चर लावलेल्या बियाण्याला धातूचं कुठलंही औषध लावू नका. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, कल्चर सगळ्यात शेवटी. बाबांनी माती तपासायला दिली. एवढी साधी गोष्ट सांगण्याइतकी मी तयार झाले, ती बाईंमुळे.

बाई आता नाहीत. त्यांच्या घराच्या जागी रामदासपेठेत इतरत्र झालं तसंच एक उंच इमारत झाली आहे. त्यांचं ऋण फेडायचा मार्ग मला एकच सुचला. माझ्याकडे एखादी मुलगी नॅनोकणांचे फोटो घेऊन येते तेव्हा मी तिला चार कुंड्या मांडायला सांगते, माती न वाळवता आणायला सांगते, आणि तिच्या घरी शेती असेल तर गाठी पाहून यायला सांगते. ती विचारते, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी म्हणते, माझ्या घरमालकीणबाईंनी. तिला ती थट्टा वाटते, पण ती माती मात्र ओलीच आणते.